बावीस इंची ओळ

८ जानेवारी २००७, सोमवार

बावीस इंच! एवढी मोठी स्क्रीन मी आजवर फक्त दुकानाच्या काचेआड पाहिली होती. आज आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर! खोक्यातून काढताना व्हिन्सेंट इतका हळू, जसं काही झोपलेलं बाळ उचलतोय. केबल लावली आणि सगळ्यात आधी त्याने काय उघडलं? आमची डॉक्युमेंटेशनची वेबसाइट. माझं मॅन्युअल!

पान या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. व्हिन्सेंटने साइट बांधलीच आहे तशी — खिडकी जेवढी रुंद, पान तेवढं रुंद. जुन्या पंधरा इंचीवर ते कधी जाणवलं नव्हतं. आज डाव्या कडेला सुरू झालेली ओळ थेट उजव्या कडेला जाऊन थांबली. स्वप्नाने टाळ्या वाजवल्या. परेश सर खूश — "आता आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक लॅबला याच आठवड्यात ही स्क्रीन पाठवायची. रुबाब बघा!"

आई अजून विचारते, मायक्रोबायोलॉजी करून मॅन्युअल कसली लिहितेस? पण रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधल्या माणसांना आमचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं, हे कुणीतरी सोप्या इंग्रजीत सांगायला नको? चार वर्षं तेच करतेय. आणि आज माझं लिहिलेलं पहिल्यांदाच एवढं मोठं दिसलं. वालीवच्या ऑफिसपासून तुळिंजच्या घरापर्यंत रिक्षात एकटीच हसत होते.

९ जानेवारी

मान दुखतेय. स्क्रीन नवी आणि खुर्ची जुनी — खुर्चीचाच दोष असणार.

२४ जानेवारी, बुधवार

माझी भाषा अवघड झालीय म्हणे!

लॅबवाल्यांना काही अडलं की फोन स्वप्नाकडे येतात. गेले दोन आठवडे तिला पाणी प्यायला उसंत नाही. सगळ्यांचं एकच — मॅन्युअल वाचतो पण कळत नाही. परेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"उन्नती, लोकांना तुझं वाचून समजत नाहीये. आधी असं नव्हतं."

मी म्हटलं, सर, आधीचंच आहे ते. एक शब्द बदललेला नाही.

"मग काय लोक बदलले?"

मार्चअखेरपर्यंत सुधारलं नाही तर मॅन्युअलचं काम पुण्याच्या एका कंपनीला देणार आहेत. मग मी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन आले. टेबलावर चहा ठेवलेला होता. आलं जास्त, साखर कमी. व्हिन्सेंट त्याच्या जागेवर मान खाली घालून कीबोर्ड बडवत होता, जसं काही तो त्या गावचाच नाही.

३० जानेवारी

सगळं पुन्हा लिहितेय. लांब वाक्यं तोडली. एका वाक्यात एकच काम. 'करण्यात यावे' छाप इंग्रजी काढून टाकलं — सरळ 'हे दाबा, ते पुसा'. खरं सांगू? मजा येतेय! राग आला की मी बरं लिहिते बहुतेक.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नवं मॅन्युअल साइटवर चढून आठवडा झाला. फोन तेवढेच!

आणि आज हे. पालघरच्या बाजूच्या एका लॅबमध्ये सकाळचे सगळे नमुने वाया गेले. मशीन धुतल्यावर जुने क्रमांक पुसायचे आणि मग नमुन्यांच्या नळ्यांचा नवा रॅक लावायचा. त्यांनी पुसलेच नाहीत. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर! डॉक्टरांना वेळेत शंका आली म्हणून रिपोर्ट बाहेर गेले नाहीत. पण सगळ्यांना बोलावून पुन्हा रक्त काढावं लागलं. त्यात एक बाई तिच्या लहान मुलीला घेऊन आलेली. पुन्हा सुई दिसल्यावर त्या पोरीने जो टाहो फोडला, तो स्वप्नाला फोनवर ऐकू येत होता. स्वप्ना जेवली नाही आज.

मी ते पान उघडून बघितलं. ते वाक्य आहे! 'आधी जुने क्रमांक पुसा.' तीन ओळींचा परिच्छेद, त्यातली मधली ओळ. पहिल्या ओळीतलं त्यांनी केलं, तिसऱ्या ओळीतलं केलं. मधली ओळ गायब. यापेक्षा सोपं मी लिहू शकत नाही! यापेक्षा सोपं कुणीच लिहू शकत नाही!

समोर असलेली ओळ माणसाला दिसत नाही — असं कसं होतं?

१३ फेब्रुवारी

इथे खुर्चीवर बसून कळणार नाही. लॅबमध्ये जाऊन कुणीतरी वाचताना बघायला हवं. चार वर्षांत एकदाही गेले नाही मी! माझं लिहिलेलं वाचणारा एकही माणूस मी वाचताना पाहिलेला नाही.

व्हिन्सेंटला म्हटलं. तो म्हणाला, "माझी आई वापरते की. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे ती. गुरुवारी सोडतो तुला."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कुठून सुरू करू!

सकाळी व्हिन्सेंटने स्कूटरवरून सोडलं. आत आला नाही — "मी असलो की ती माझ्या जेवणाचंच विचारत बसेल." आगाशीच्या अलीकडे छोटंसं हॉस्पिटल आहे. लॅबच्या खिडकीला लागून केळीची बाग. रोझमेरीआंटी म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या, पांढरा कोट, चष्मा दोरीने गळ्यात. मला बघून एवढ्या हरखल्या! "उन्नती ना तू? बस बाय, बस. तो तुझंच सांगत असतो." (काय सांगतो? विचारायला हवं होतं.)

मी म्हटलं, आंटी, तुम्ही रोज करता तसंच करा. मी फक्त बघते.

नवी स्क्रीन टेबलावर. चकचकीत. फक्त डाव्या कडेला बोटांचे ठसे — वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. मला वाटलं, इथे कुणी तेलकट हाताने काम करतं की काय!

मग आंटी वाचायला लागल्या आणि ठसे कुठून आले ते कळलं. ओळीच्या सुरुवातीला त्या काचेवर बोट टेकवायच्या. मान वळवत वळवत उजव्या टोकापर्यंत जायच्या. मग मान परत डावीकडे, बोट एक ओळ खाली. पण टाइप करायला हात उचलला की संपलं! डोळे परत येताना कुठल्या ओळीवर उतरतील त्याचा नेम नाही. एकदा तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली. एकदा एक अख्खी ओळ ओलांडून खालच्या ओळीवर गेल्या — आणि त्यांना पत्ताच नाही! अर्थ लागेना म्हणून कपाळाला आठ्या घालून थांबल्या. "बघ. नाही कळत मला."

पालघरची मधली ओळ! ती अशीच गेली!

मी माउस घेतला. खिडकीची उजवी कड पकडली आणि ओढत ओढत आत आणली. पान अर्ध्याहून अरुंद झालं, ओळी मोडून एकाखाली एक बसल्या. म्हटलं, आता वाचा.

वाचलं! सरळ, शेवटपर्यंत, एका दमात, बोट न लावता. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे दुसरं पान आहे का?"

"तेच पान, आंटी! तेच शब्द!"

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी घाबरलेच. मग हळूच सांगितलं त्यांनी. नवीन स्क्रीन आली तेव्हापासून चुका होतात. दोनदा हॉस्पिटल चालवणाऱ्या सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. आंटींना वाटलं, डोळे गेले. डोक्यातही काही होतंय की काय, अशी भीती. सिस्टरना सांगून ठेवलंय — मे महिन्यात नोकरी सोडते. एवढ्या वर्षांची नोकरी!

मी म्हटलं, व्हिन्सेंटला का नाही सांगितलं?

"त्याने किती रात्रंदिवस खपून केलं ते पान. मी आमच्या गावात, नंदाखालला, सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या पोराने केलं म्हणून. आता त्यालाच कसं सांगू, की तुझं पान मला वाचता येत नाही? तू पण सांगू नको हां बाय."

मी नाही सांगणार म्हटलं. कशाला म्हटलं!

पण — डोळे नाही! भाषा नाही! रुंदी! ओळ लांब आहे! फक्त ओळ लांब आहे! मोठ्याने ओरडावंसं वाटतंय. बाबा झोपलेत म्हणून इथे ओरडते — ओळ लांब आहे!!!

१६ फेब्रुवारी

व्हिन्सेंटशी भांडण.

मी म्हटलं, ओळी फार लांब आहेत, पान अरुंद कर. तो म्हणाला, पान स्क्रीन भरून राहतं हीच तर त्या साइटची कमाल आहे. प्रत्येक स्क्रीनवर आपोआप बसतं. लोकांना पाहिजे तर खिडकी लहान करतील की! मी म्हटलं, कुणी करत नाही! पान उघडतं तसं वाचतात बिचारे आणि स्वतःला मठ्ठ समजतात.

"कोण समजतं? एक नाव सांग."

त्याचीच आई डोळ्यांसमोर आणि मी गप्प!

"बघ, नाव पण नाही तुझ्याकडे," म्हणाला आणि हेडफोन लावले. आज चहा पण नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आईवर प्रयोग केला. हसून हसून पुरेवाट!

दोन कागद आडवे चिकटवून लांब पट्टा केला आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वालाच्या बिरड्याची कृती लिहिली. बारीक अक्षर, ओळी जवळजवळ. आईला म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचतेय — फोडणी, कांदा, वाल, मीठ… कांदा, वाल, मीठ… "अगं, परत मीठ? कुणाची कृती आहे ही, खारट करून ठेवलंय सगळं!" तीच ओळ दोनदा वाचली होती! मग तेच अरुंद कागदावर लिहून दिलं, तर सुरळीत. आईचा विश्वासच बसेना. दोन्ही कागद जवळजवळ धरून शब्द ताडून बघितले तिने.

बाबांनी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "म्हणून तर पेपरात रकाने असतात."

पेपर हातात धरायचा तर केवढा रुंद! पण ओळ बोटभर. वर्षानुवर्षं समोर आहे आणि कधी विचार केला नाही! कपाटातली पुस्तकं काढली, एकेका ओळीतली अक्षरं मोजत बसले. मराठी, इंग्रजी, जाड, बारीक. इंग्रजी पुस्तकात ओळ साठ-सत्तर अक्षरांच्या आसपासच थांबते. आमच्या साइटवर बावीस इंचीवर? दोनशेच्या घरात!!

२० फेब्रुवारी

आज एकटीच आंटींकडे गेले. सरळ सांगितलं — आंटी, तुम्ही नोकरी सोडताय ती डोळ्यांमुळे नाही, आमच्या पानामुळे. आम्ही बांधलेल्या चुकीसाठी तुम्ही घरी बसणार, आणि ज्याने बांधलं त्याला माहीत पण नाही. हे बरोबर आहे का? आणि फक्त तुमचं नाही. पालघरच्या त्या मुलीचं सांगितलं.

त्यांनी मुलीचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं.

बराच वेळ काचेच्या नळ्या लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सांगते त्याला. मीच सांगते. तू नको."

मी म्हटलं, आणि डोळे पण दाखवून या, म्हणजे मनात राहायला नको.

२१ फेब्रुवारी, बुधवार

व्हिन्सेंट ऑफिसला आला तो कपाळावर राख लावून — त्यांचा उपासकाळ आजपासून सुरू. दिवसभर माझ्याशी शब्द नाही. आंटींनी अजून सांगितलं नसणार.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आला. हेल्मेट टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. डोळे लाल.

"किती रुंद ठेवायचं, सांग."

एवढंच!

मग थोड्या वेळाने, स्क्रीनकडे बघत — "काल रात्री जेवताना सांगितलं तिने. सॉरी म्हणत होती. ती मला सॉरी म्हणत होती, उन्नती."

मी मोजलेल्या अक्षरांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो नीट वाचला. मग बाह्या सरसावल्या. मी चहा आणायला गेले — आज माझी पाळी!

५ मार्च, सोमवार

दोन आठवडे कसे गेले कळलं नाही! वाटलं होतं, एक आकडा टाकला की झालं. छे!

पहिला घोळ — पानाला 'एवढ्यापेक्षा रुंद होऊ नकोस' असं सांगायची सोय आहे. नवे ब्राउझर ऐकतात. पण लॅबमध्ये जो जुना ब्राउझर आहे, त्याला ते ऐकूच येत नाही! ढिम्म! पान पुन्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत. व्हिन्सेंट चिडून त्याच्याशी त्यांच्या बोलीत भांडत होता. मला निम्मंच कळलं, पण जे कळलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी आज त्याने पळवाट काढली. पान उघडताना आधी खिडकीची रुंदी मोजायची आणि मोठी असेल तर पानाला तिथल्या तिथे आवरायचं. जमलं!! मी उडीच मारली. तेवढ्यात लाइट गेली. भारनियमन. अंधारात दोघं हसत बसलो.

११ मार्च, रविवार

आंटींची सुट्टी, पण लॅबची किल्ली घेऊन आल्या. तीन रुंद्या करून नेल्या होत्या.

सगळ्यात अरुंद मला सगळ्यात चांगली वाटली होती. वाटलं, जितकी अरुंद तितकी सोपी! आपटले! आंटी म्हणाल्या, "हे दोन शब्द वाचले की खाली उतर, दोन शब्द वाचले की खाली उतर. जिना उतरल्यासारखं होतं." मधली बरोबर. साठ-सत्तर अक्षरांची — पुस्तकातली!

मग आंटींनी सवयीने अक्षरं मोठी केली, आणि पुन्हा घोळ. अक्षरं वाढली, पान तेवढंच राहिलं, पुन्हा जिना! माझं तोंड उतरलं. व्हिन्सेंट मात्र टेबलावर हात आपटून उठला — "मी मूर्ख आहे! स्क्रीनच्या ठिपक्यांत कशाला मोजतोय? अक्षराच्या मापात मोजायला पाहिजे!" तिथेच बसून बदललं. आता अक्षर वाढलं की पान त्याच्याबरोबर वाढतं. ओळीत अक्षरं तेवढीच! ओळींमधली जागाही थोडी सैल केली, आणि रक्ताच्या आकड्यांचे मोठे तक्ते मात्र मोकळे सोडले. त्यांना रुंदी लागतेच.

आंटींनी सगळं पान वाचून काढलं. मग व्हिन्सेंटचे केस विस्कटून म्हणाल्या, "आता सांगते नंदाखालला सगळ्यांना." तो लाजला! तिशीचा माणूस!

आणि डोळे दाखवून आल्यात — नंबर किंचित वाढलाय, बाकी काही नाही.

परत येताना कळंबला थांबलो. भूक लागली होती म्हणून फक्त. समुद्राकडे तोंड करून भजी खाल्ली. तक्त्यांच्या मथळ्यांवर बोललो. मग बोलायचं संपलं तरी बसून राहिलो. वारा छान होता.

१६ मार्च

परेश सरांना दाखवलं.

ते स्क्रीनकडे बघून थांबले. वाट बघत राहिले. मग म्हणाले — "बाकीचं लोड व्हायचंय का?"

स्वप्नाने तोंडावर ओढणी धरली.

समजावून सांगितलं. नाहीच! "दोन्ही बाजूंना पांढरं पडलंय. एवढी मोठी स्क्रीन दिली ती कशाला, पांढरा रंग बघायला? कस्टमर म्हणेल, यांच्याकडे लिहायला काही नाही." आणि जाता जाता, "उन्नती, तुझ्याकडे आता पंधराच दिवस आहेत. भाषेवर लक्ष दे."

१७ मार्च

त्या पांढऱ्या जागेचं काय करायचं?

१९ मार्च

तिथे काहीच घालायचं नाही! जागा लॅबवाल्यांची आहे! सुचलंय!! व्हिन्सेंटला सांगितलं तर तो म्हणाला, "हे मला का नाही सुचलं?" पुढच्या सोमवारी सरांना पुन्हा दाखवायचं.

२६ मार्च, सोमवार

झालं!!!

सर केबिनमधून बाहेर आले ते घड्याळ बघत. मी जुनं पान उघडलं आणि म्हटलं, सर, फक्त हा एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. जोरात वाचायला लागले. तिसऱ्या ओळीनंतर पुन्हा तिसरी ओळ! अर्ध्यात थांबले. "हे दोनदा का लिहिलंय?" कुणी हसलं नाही. मी हळूच म्हटलं, एकदाच लिहिलंय, सर.

त्यांनी वाकून बघितलं. बोट लावून बघितलं. काचेवर ठसा उमटला.

मग नवं पान. वाचलं. तरी मान हलवत होते — "पण ही रिकामी जागा…"

तेव्हा व्हिन्सेंटने माउस घेतला. मॅन्युअलची खिडकी पानाएवढी अरुंद करून डावीकडे सरकवली आणि उजवीकडे, त्या रिकाम्या जागेत, आमचं सॉफ्टवेअर उघडलं. दोन्ही शेजारी शेजारी! इकडे वाचायचं, तिकडे करायचं. आत्तापर्यंत लॅबवाल्यांना मॅन्युअल वाचून ते बाजूला सारून मग काम करावं लागायचं — वाचलेलं डोक्यात धरून! मी म्हटलं, सर, मोठी स्क्रीन यासाठी आहे.

सर खुर्ची ओढून बसले. स्वतःच्या हाताने नमुन्याची एक नोंद केली. एक ओळ वाचायची, एक खूण करायची. लहान मुलासारखं चाललं होतं! मग एकदम माझ्याकडे वळले.

"म्हणजे भाषा ठीक होती?"

"हो, सर."

"आधीची पण?"

"हो, सर!"

"हं," म्हणाले. मग उठून उभे राहिले. "मी उगाच बोललो तुला. पुण्याला नाही म्हणून कळवतो." आणि केबिनमध्ये गेले. दार लागल्याबरोबर स्वप्नाने मला मिठी मारली. मी व्हिन्सेंटला — म्हणजे मारणार होते, मग हात मिळवला. बराच वेळ मिळवला.

२ एप्रिल, सोमवार

नवी साइट सगळ्या लॅबना आजपासून. सकाळी स्वप्ना सज्ज होऊन बसली — वही, पेन, पाण्याची बाटली. अकरा वाजेपर्यंत फोन नाही. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला, चालू आहे का बघायला!

दुपारी एक आला. पालघरची लॅब. ते म्हणाले, शाई संपलीय, प्रिंटरची. कुठे मिळेल?

४ एप्रिल

आंटींनी सिस्टरना सांगितलं — मे महिन्यात जात नाही. सिस्टर म्हणाल्या, मी तुझी जागा भरायला घेतलीच नव्हती. व्हिन्सेंटने हे सांगताना तीनदा गॉगल पुसला. ऑफिसात कशाला हवा गॉगल?

काम संपलं तर एवढं रिकामं रिकामं का वाटतंय? रविवारी लॅबला जायचं नाही. स्कूटर नाही. आज दोनदा त्याच्या टेबलापाशी गेले आणि काय विचारायचं ते आठवेना, तशीच परत आले.

९ एप्रिल, सोमवार

ईस्टर काल झाला. आज दुपारी ऑफिसच्या फोनवर रोझमेरीआंटी. मला वाटलं, पानात काही बिघडलं.

"पान चांगलं आहे बाय. दुसरंच विचारायचंय. व्हिन्सेंट तुला आवडतो का? तो बोलायचा नाही. माझ्यावर गेलाय — समोरच्याला जड जाईल म्हणून तोंड शिवून बसायचं. मी बसले होते, काय झालं ते तू बघितलंस. तुझं 'नाही' असेल तर मी फोन केलाच नव्हता."

मी 'हो' म्हटलं. एवढ्या मोठ्याने, की स्वप्नाने मान वर केली.

फोन ठेवला. उठले. त्याच्या टेबलापाशी गेले, त्याच्या कानावरचे हेडफोन काढले आणि मीच विचारलं — लग्न करशील माझ्याशी? त्याचंही 'हो'!

आता घरी आहे. आई-बाबा बाहेरच्या खोलीत आहेत. बाबांनी टीव्ही बंद केलाय, म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी दिसलंच असणार.

जाते, सांगते.